चाचेबायकांचा बोर्ड गेम खेळलो, घ्यायचा का नाही ते सांगते

आधीच सांगून टाकते, घ्या, पैसे वसूल आहेत. फक्त बॉक्सवर जे छापलंय ना, "मोकळा समुद्र आणि जिवाभावाच्या मैत्रिणी", त्याला भुलून घेऊ नका, कारण आतला खेळ त्यापेक्षा लय खडूस आहे आणि खडूस आहे म्हणूनच चांगला आहे. ज्यांनी बॉक्सचं चित्र काढलं आणि ज्यांनी आतले नियम बसवले ती माणसं एकमेकांशी कधी बोललीच नसावीत. चित्रात चार बायका गलबताच्या टोकावर केस मोकळे सोडून दात दाखवत उभ्या, आणि आत पहिलाच पत्ता उघडला तर फाशीचा दोर.

बनवणारा ग्रुप छोटा आहे, पोरंपोरी नवीन आहेत, खाली तक्रारी पण लिहिणार आहे म्हणून नाव टाकत नाही, ज्यांना पाहिजे त्यांनी मेसेज करा, लिंक देते. कुरिअर धरून साडेबाराशेला पडला. कुरिअरवाल्यानं बॉक्सचा एक कोपरा चेपून आणला होता पण आतलं सगळं धड निघालं म्हणून वाद घातला नाही.

आता आमच्या साताऱ्यात समुद्र कुठनं आला म्हणाल तर समुद्र नाहीच, राजवाड्यासमोर वडापाव नि पाणीपुरीची चौपाटी तेवढी आहे. पावसाळ्यात इथं जो पाऊस लागतो त्यात बाहेर पडायची सोय नसते, पोरं मोबाईलला चिकटतात, म्हणून हा प्रकार मागवला. खेळायला मी, जाऊबाई, वन्सं आणि सासूबाई. लेक सातवीत आहे, ती आजीच्या शेजारी बसून तिला पत्ते वाचून दाखवणार असं ठरलं कारण खेळ फक्त चार जणींचा आहे, ही माझी पहिली तक्रार लिहून घ्या. बायका जमल्या की कधी चारच जमतात का हो?

बॉक्समध्ये काय काय आहे ते पटकन. नकाशा कापडी आहे, ही सगळ्यात भारी गोष्ट, कागदी बोर्ड घडीवर फाटतात, हा धुता पण येतो (चहा सांडला, धुतला, जमैका थोडं फिकं पडलंय, बाकी ठीक). लाकडी गलबतं दिसायला गोड पण शिडाची काडी पहिल्याच दिवशी हातात आली, फेव्हिकॉलनं चिकटवली. नाणी पुठ्ठ्याची आहेत, आम्ही ती ठेवून दिली आणि खरे रुपये वापरतो, त्यानं खेळाला जी धार येते ती वेगळीच. फासे हलके आहेत, एक फासा सारखा दोनवरच थांबतो असा वन्संचा आरोप आहे आणि माझं पण तेच मत आहे.

खेळ असा. प्रत्येकीनं एक खरी होऊन गेलेली बाई घ्यायची. सहा जणी आहेत: ॲन बॉनी, मेरी रीड, आयर्लंडची ग्रेस ओमॅली, मोरोक्कोची सय्यिदा अल हुर्रा, चीनची झेंग यी साओ आणि फ्रान्सकडची ज्यान द क्लिसाँ. या काय एका काळातल्या नाहीत, ज्यान १३४३ ची आणि झेंग यी साओ १८१० ची, मध्ये साडेचारशेहून जास्त वर्षं गेली, पण खेळात सगळ्या एकाच समुद्रात सोडल्यात, ते मी चालवून घेतलं. गलबतं लुटायची, सामान भरायचं, आरमारापासून पळायचं. आणि नकाशाच्या कडेनं एक दोर काढलाय, प्रत्येक लुटीनंतर त्यावरची गाठ एक घर पुढं सरकते. गाठ शेवटच्या घरात गेली की सगळ्या फासावर, कुणाकडं किती का पैसे असेनात. म्हणजे एकटीनं लय लुटून उपयोग नाही आणि सगळ्या गप्प बसल्या तरी उपाशी मरतात. यातनं बाहेर पडायचा एकच रस्ता, वेळेत माफीनामा मिळवायचा, आणि माफी मिळाल्यावर जिच्याकडं जास्त नाणी ती जिंकली.

खरा मसाला आहे सामाईक पेटीत. नियम असा की लुटीची दहा नाणी मिळाली तर दोन तुमची, आठ पेटीत, आणि पेटी सांभाळणारी एक जण ठरवायची. हा नियम खेळवाल्यांनी मनानं नाही काढलेला. झेंग यी साओच्या ताफ्यात खरंच असं होतं, लुटलेला माल आधी सगळ्यांसमोर नोंदवायचा, दहातले दोन हिस्से ज्यानं आणला त्याला, आठ कोठारात, आणि कोठारातनं चोरलं तर मुंडकं उडवायचे. बंदी करून आणलेल्या बाईवर जबरदस्ती केली तरी मुंडकंच. काही अभ्यासकांचं म्हणणं की चिनी कागदांत हे नियम तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या, झांग बाओच्या नावावर आहेत. असतील. पण ताफा १८०७ ला पहिला नवरा मेल्यावर तिनं हातात घेतला हे नक्की, शेकडो गलबतं आणि हजारो माणसं, आणि त्या झांग बाओला, जो तिच्या नवऱ्याचा मानसपुत्र होता, तिनंच पुढं केला.

तर ही पेटी आली जाऊबाईंकडं. जाऊबाई आमच्या गल्लीतली भिशी चालवतात, वर्षानुवर्षं, एक रुपया इकडचा तिकडं नाही. आणि खेळात त्यांनी काय केलं? तिसऱ्या लुटीला आठच्या जागी सहा टाकले. अगदी शांतपणे, चेहऱ्यावर काही नाही, वर वन्संना म्हणतात "चहा टाकतेस का गं". पेटीवाली चोरतेय असा संशय आला तर कुणीही "हिशेब दाखव" म्हणू शकते, पण म्हणणारी चुकली तर तिची स्वतःची दोन नाणी जातात, म्हणून लोक म्हणायला घाबरतात. मला कळलं होतं. मी गप्प बसले, कारण मला पुढच्या वादळात त्यांची मदत लागणार होती. म्हणजे बघा, खेळ सुरू होऊन अर्धा तास नाही झाला आणि घरात भ्रष्टाचार पण आला आणि तो पोटात घालणारी पण आली. हा भाग ज्यानं कुणी डिझाईन केलाय त्याला माझा नमस्कार. मैत्री मैत्री म्हणतात ती पैशाच्या पेटीशेजारी बसल्यावर कळते, भिशीत बसणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगायला नको.

ॲन बॉनी आणि मेरी रीड यांचं "पाठीला पाठ" म्हणून एक पत्त्यांचं प्रकरण आहे. या दोघी १७२० साली जॉन रॅकम नावाच्या चाच्याबरोबर होत्या, ऑगस्टमध्ये बहामातल्या नासाऊ बंदरातनं विल्यम नावाचं गलबत पळवलं आणि ऑक्टोबरात जमैकाजवळ पकडले गेले, दोन महिन्यांचा सगळा मामला, आणि लूट काय तर बरीचशी कोळ्यांच्या होड्यांतली. पकडायला आले तेव्हा गडीमाणसं खाली लपलेली आणि या दोघी नि अजून एक जण एवढेच वर राहिले असं १७२४ ला लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात आहे, गडी दारू पिऊन पडले होते असंही सांगतात. खेळात ते असं बसवलंय की रमचे पत्ते सगळ्यांच्या हातात येतात, रम विकली की नाणी चांगली मिळतात म्हणून कुणी टाकून देत नाही, पण आरमार आलं तेव्हा जिच्या हातात रम आहे ती "खाली झोपली" असं धरतात आणि तिला फासा टाकता येत नाही. उरलेल्यांपैकी दोघींनी हात धरला तर त्यांच्या फाशांची बेरीज होते. म्हणजे दारूत पैसा आणि दारूतच मरण. सोपं आणि चोख. आमच्याकडं पहिल्या हल्ल्याला तिघी झोपलेल्या आणि सासूबाई एकट्या जाग्या, रम हातात धरायची न्हाई म्हणून त्यांनी ते पत्ते आल्या आल्या समुद्रात टाकून दिले होते, नाणी गेली तर गेली. माळकरी बाई आहे, खेळात पण चालणार नाही म्हणाल्या.

आता त्यांच्याच वेषांतराच्या पत्त्यांवर माझी मोठी तक्रार. खेळात ॲन नि मेरीला "गडीवेष" म्हणून टोकन आहे, ते आहे तोवर तुम्ही बाई आहात हे कुणाला कळत नाही, आणि टोकन गेलं की संकट. ऐकायला मस्त, पण पकडल्यावर त्यांच्यावर जो खटला चालला त्यात तसं नाहीये. जहाजावर नेलेल्या दोन फ्रेंच माणसांनी साक्ष दिली की पाठलाग नि लढाईच्या वेळी या पुरुषांचे कपडे घालायच्या आणि एरवी बायकांचेच. बहामाच्या गव्हर्नरनं ५ सप्टेंबर १७२० ला जो जाहीरनामा काढला त्यात या दोघींची नावं बायका म्हणूनच लिहिलेली आहेत. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! लपूनछपून काही नव्हतं, पॅन्ट सोयीची म्हणून घालत होत्या. मला हे जास्त आवडलं असतं. लपवायचं काय, कामाला बसले की मी पण ओढणी काढूनच ठेवते.

आणि मग तो साक्षीदाराचा पत्ता. या पत्त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय म्हटलं तरी चालेल. खेळात लूट करायला गेलं की कधीकधी डोरोथी थॉमस निघते, ही पण खरी बाई, जमैकाच्या किनाऱ्यावर एका होडीतनं सामानसुमान घेऊन चालली होती, रॅकमच्या लोकांनी तिला लुटलं. कोर्टात तिनं सांगितलं की त्या दोघींनी पुरुषांची जॅकेटं, लांब पायघोळ विजारी नि डोक्याला रुमाल असं घातलं होतं, दोघींच्या हातात कोयता नि पिस्तूल, आणि छातीवरनं मी ओळखलं की या बायका आहेत. पुढचं ऐका. तिनं असंही सांगितलं की या दोघीच गड्यांना शिव्या देऊन म्हणत होत्या की हिला मारून टाका, नाहीतर ही उद्या आपल्याविरुद्ध साक्ष देईल. आणि दिलीच तिनं साक्ष.

खेळात पत्ता निघाला की दोनच पर्याय, तिला मारा नाहीतर सोडा. मारलं तर गाठ तिथंच राहते. सोडलं तर गाठ तीन घरं पुढं. वन्संना हा पत्ता निघाला, त्या मेरी रीड होत्या, गाठ आधीच निम्म्याच्या पुढं गेलेली. वन्सं हिशेबी आहेत, बँकेत आहेत, त्या म्हणाल्या मारते, सोपं आहे, एक पत्ता जाळायचा. सासूबाई एकदम सरसावून बसल्या. "आगं ती बिचारी बाजाराला निघाली आसंल की, तिनं काय केलंय तुमचं?" वन्सं म्हणाल्या, "आई, खेळ आहे". तर म्हणे "मग खेळात तरी सोड की". सासूबाई लग्नाआधी माहेरी डोक्यावर पाटी घेऊन लिंब गावाहून साताऱ्याच्या बाजाराला भाजी आणायच्या, हे आम्हाला माहीत होतं, पण त्या इतक्या रागानं बोलतील असं वाटलं नव्हतं. वन्संनी सोडली. गाठ तीन घरं पुढं गेली आणि त्यामुळं पुढं आम्ही सगळ्या अडचणीत आलो, आणि जाऊबाई अजून त्यावरनं टोमणे मारतात.

बॉक्सवरच्या त्या जिवाभावाच्या मैत्रिणीवाल्या ओळीत या होडीतल्या बाईला जागाच नाहीये, आणि नियमात आहे. दोघींची घट्ट मैत्री, एकीसाठी दुसरी मरायला तयार, आणि तिसरी गरीब बाई समोर आली की मारा हिला. स्वातंत्र्य होतं त्यांना, कोण नाही म्हणतंय, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी टोपलीतलं काढून घेतलेलं होतं. नियम बसवणाऱ्याला हे समजलंय. चित्रवाल्याला नाही.

"पोट" नावाचा एक पत्ता आहे त्यावर लेकीनं प्रश्न विचारला आणि घरात शांतता पसरली. पत्ता असा की फाशीची वेळ आली तर हा टाकून एक फेरी वाचता येतं. खऱ्यात काय झालं, रॅकमला १८ नोव्हेंबर १७२० ला पोर्ट रॉयलला फाशी दिली, या दोघींचा खटला २८ ला चालला, फाशीची शिक्षा झाली, आणि दोघींनी सांगितलं आम्ही गरोदर आहोत. तेव्हा इंग्रजांचा कायदा असा की पोटात पोर असताना फाशी देता येत नाही. थांबली फाशी. मेरी रीड १७२१ च्या एप्रिलात तुरुंगातच गेली, ॲन बॉनीचं पुढं काय झालं ते कागदावर कुठं सापडत नाही. मी लेकीला सरळ सांगितलं काय ते, सातवीत आहे, कळतं तिला. तिचा पुढचा प्रश्न "मग बाळाचं काय झालं", त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि पत्त्यावर पण नव्हतं. दहाच्या आतली पोरं असतील तर हे पत्ते आधी बाजूला काढून ठेवा, खेळ त्यांच्याशिवाय पण चालतो.

चित्रांबद्दल अजून थोडी भडास काढते. सगळ्या बायका एकाच मापाच्या, कंबर एवढीशी, ॲन बॉनीचे केस लालभडक. कोर्टातल्या साक्षीत विजार, जॅकेट नि रुमाल आहे ते वर सांगितलंच, केसांचा रंग कुठनं आणला देव जाणे. त्याहून संताप आला तो सय्यिदा अल हुर्राचं चित्र बघून. पोट उघडं टाकून नाचणारी बाई काढलीय! ही बाई मोरोक्कोतल्या तेतुआन शहराची कारभारीण होती, नवरा गेल्यावर १५१५ पासून १५४२ पर्यंत तिनं शहर चालवलं. घराणं ग्रॅनडाकडचं, स्पेनवाल्यांनी ग्रॅनडा घेतलं तेव्हा देश सोडून आलेलं असं सांगतात. तिची गलबतं भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात पोर्तुगीज नि स्पॅनिश लोकांना लुटायची आणि धरलेले कैदी सोडवायला त्यांना हिच्याशीच बोलणी करावी लागायची. मोरोक्कोच्या सुलतानानं तिच्याशी लग्न केलं तर ती राजधानीला गेली नाही, सुलतानाला तेतुआनला यायला लावलं. अशा बाईला घुंगरू घालून नाचवताय? पत्त्यावरची तिची ताकद मात्र बरोबर दिलीय, कैदी बदलून गाठ मागं नेता येते. मी तिलाच घेतलं होतं, चित्रावर कागद चिकटवून.

ज्यान द क्लिसाँचं पण तेच. नवऱ्याचं मुंडकं फ्रान्सच्या राजानं १३४३ ला उडवलं आणि ही बाई सूड घ्यायला समुद्रात उतरली इथवर ठीक, पण ती काळी जहाजं नि लाल शिडं ही लोकांनी नंतर रंगवलेली गोष्ट आहे आणि पत्त्यावर ती कोर्टातल्या साक्षीच्या शेजारी तशीच ठोकून दिलीय. कुठलं कागदावरचं नि कुठलं ऐकीव, याची साधी खूण करायला काय जात होतं, एक बारकी टिकली छापली असती तरी भागलं असतं. दंतकथा ठेवा की, कोण काढा म्हणतंय, मजा तिच्यातच आहे.

सासूबाईंनी ग्रेस ओमॅली घेतली होती कारण पत्त्यावर लिहिलंय "वय साठच्या वर". बाकीच्यांची ताकद खेळ पुढं जाईल तशी कमी होते, हिची निम्म्यानंतर वाढते, हे मला फार आवडलं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं घराणं, बापाची गलबतं, लहानपणी समुद्रावर न्यावं म्हणून केस कापून टाकले अशी दंतकथा आहे. इंग्रज अधिकाऱ्यानं पोराला नि भावाला धरून नेलं तेव्हा ही म्हातारी १५९३ ला थेट लंडनला गेली आणि ग्रिनिचच्या वाड्यात एलिझाबेथ राणीला भेटली. हिला इंग्रजी येत नव्हतं, राणीला आयरिश येत नव्हतं, म्हणून दोघी लॅटिनमध्ये बोलल्या असं सांगतात. पोरगं सोडवून आणलं. खेळात हिला "राणीची भेट" म्हणून एकदाच वापरायचा पत्ता मिळतो. सासूबाईंनी तो शेवटपर्यंत दाबून ठेवला, मागून मागून थकलो आम्ही, "आत्ता न्हाई" एवढंच उत्तर.

आता मेन राडा. खेळात "इतर चाचे" म्हणून शत्रूचे पत्ते आहेत आणि त्यात एक पत्ता निघाला कान्होजी आंग्रे. साताऱ्यात. आमचे हे बाजूला पेपर वाचत बसले होते, खेळात काडीचा इंटरेस्ट नाही, पण लेकीनं नाव मोठ्यानं वाचलं आणि पेपर खाली आला. "कोण चाचा? सरखेल चाचा?" मग पुढं जे झालं ते व्याख्यान होतं. ज्या शाहू महाराजांची गादी आपल्या साताऱ्यात, त्यांच्या आरमाराचा हा प्रमुख, १७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथानं मधे पडून त्यांना महाराजांच्या बाजूला आणलं, किनाऱ्यावरनं जाणाऱ्या गलबतानं दस्तक घ्यायचं, पैसे भरायचे, नाही घेतलं तर धरणार, यात चाचेगिरी कुठली? पोर्तुगीज पण त्यांचा कार्ताझ घ्यायला लावायचेच की, तो परवाना आणि आपला मागितला की दरोडा? १७२१ ला इंग्रज नि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले तरी काही वाकडं झालं नाही. आणि ज्या कंपनीनं त्यांना पायरेट म्हटलं तिनं १८४८ ला आपलं साताऱ्याचं राज्य वारस नाही म्हणून गिळलं, ती कोण मग, व्यापारी? हे तावातावानं बोलत होते, जाऊबाई म्हणाल्या भावजी तुमचं बरोबर आहे पण माझी पाळी आहे.

बरोबर होतंच. मला वाटतं या खेळात हाच पत्ता सगळ्यात आळशीपणे टाकलाय, कुठल्यातरी इंग्रजी यादीतनं उचललेला. धावडशी गाव आमच्यापासनं हाकेच्या अंतरावर, पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी तिथं येऊन राहिले ते जंजिऱ्याच्या सिद्दीनं १७२७ ला चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ लुटल्यावर, आणि आंग्रे घराणं त्यांना मानणारं. कोकणातल्या समुद्राची भांडणं घाट चढून इथवर आलेली आहेत, इथं बसून तो पत्ता खपवून घेणं शक्य नव्हतं. यांनी स्केचपेनानं "चाचे" खोडून "सरखेल" लिहिलं आणि नियम बदलला, आता आमच्या घरात तो पत्ता निघाला की दोन नाणी दस्तकाची भरायची आणि पुढं जायचं, लढाई नाही. खेळ उलट सुधारलाय. बनवणाऱ्यांना मी हे कळवलंय, पुढच्या आवृत्तीत बघतो म्हणाले. आणि या सहा बायकांना तरी चाचे कुणी ठरवलं, हे लेकीनं विचारलं, त्यावर यांनी परत पेपर वर घेतला.

शेवट कसा झाला ते सांगते कारण माफीनाम्याचा नियम ऐकण्यासारखा आहे. झेंग यी साओ १८१० ला कँटनच्या गव्हर्नर जनरलकडं स्वतः गेली, हत्यार नाही, सोबत बायका नि पोरं, आणि समोर बसून अटी ठरवल्या. तिच्या माणसांपैकी बहुतेकांना माफी मिळाली, झांग बाओला सरकारी आरमारात हुद्दा, आणि ती १८४४ ला म्हातारी होऊन मेली. या सहा जणींत इतका चोख सौदा कुणाला जमला नाही. खेळात पण माफी मागायची तर सगळ्यांनी सगळे हत्यारांचे पत्ते एकदम खाली ठेवायचे, एकीनं जरी एक पत्ता लपवला तरी बोलणी फिसकटतात आणि गाठ शेवटच्या घरात.

गाठ शेवटून दुसऱ्या घरात होती. झेंग यी साओ जाऊबाईंकडं, पेटी पण त्यांच्याकडंच. सगळ्यांनी पत्ते पालथे टाकले. जाऊबाईंनी पण टाकले. मग सासूबाई त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "धाकटे, पदराखालचा पण". लेक ओरडली. जाऊबाईंनी साडीच्या निऱ्यांजवळनं एक पिस्तुलाचा पत्ता काढला आणि शांतपणे खाली ठेवला, वर म्हणतात "विसरलेच होते". हत्यारं सगळी खाली आली पण माफीचा फासा वाईट पडला, दोनच (त्याच फाशाचं, सांगितलं ना), आणि तिथं सासूबाईंनी दाबून ठेवलेली "राणीची भेट" काढली आणि आम्ही वाचलो. नाणी मोजली तर जिंकल्या जाऊबाईच. पेटीतले चोरलेले धरून. नियमात माफीनंतर जुना हिशेब काढायची सोय नाही, सगळं माफ, आणि वन्संना हे अजिबात पटलेलं नाही. मला पटलंय, झेंग यी साओच्या लोकांना पण लुटलेलं ठेवू दिलंच होतं की.

बाकी किरकोळ. खेळायला अडीच तास धरा, बॉक्सवर एक तास लिहिलंय ते खोटं. नियमांचं पुस्तक बारीक अक्षरात आहे, चष्मेवाल्यांनी मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचावा. वादळाचे पत्ते फार आहेत आणि सगळे एकसारखे, निम्मे काढून टाका. ज्यांना हलकंफुलकं काहीतरी हवंय, पाहुणे आलेत नि अर्ध्या तासात संपवायचंय, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नका. ज्या घरात जावाजावांचं आधीच बिनसलंय त्यांनी पेटी तिसऱ्याच कुणाकडं द्यावी. पाच-सहा जणींसाठी वाढीव पत्ते काढणार असं ऐकतेय, आले तर मी घेणार, फक्त सय्यिदाचं चित्र बदला आणि फासे जरा वजनदार द्या.